दंडिका : कॉकेशसमधील एका वर्णाचे परीक्षण

लिपीचे गुणदोष पाहताना अभ्यासक बहुधा सबंध वर्णमाला समोर ठेवतात. एखादाच वर्ण वेगळा काढून त्याची साक्ष घ्यावी, अशी रीत आपल्याकडे फारशी नाही. परंतु कधी कधी एका वर्णाच्या वाट्याला आलेल्या इतिहासात लिपिरचनेचे बहुतेक सारे प्रश्न एकत्र आलेले असतात. उत्तर कॉकेशसमधील डझनाहून अधिक भाषांच्या सिरिलिक लेखनात वापरला जाणारा एक वर्ण अशा प्रकारचा आहे. रशियन भाषेला तो ठाऊक नाही. बल्गेरियन, सर्बियन, युक्रेनियन यांनाही नाही. अवार, चेचेन, इंगुश, लेझ्गी, दार्गिन, लाक, तबासरान, कबार्डियन, अदिघे, अबाझा, आणि अलीकडे त्साखुर, रुतुल, अगुल या भाषा मात्र त्याच्यावाचून लिहिता येत नाहीत. त्याच्यावर झालेली टीका बरीच आहे आणि ती सर्वस्वी खोटी नाही. तथापि ती चुकीच्या ठिकाणी रोख धरून झालेली आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

या वर्णाचा आकार म्हणजे केवळ एक उभी रेघ. डोक्यावर टिंब नाही, पायाशी वळण नाही. रशियनमध्ये त्याला ‘पालोच्का’ म्हणतात. त्या शब्दाचा अर्थ ‘छोटी काठी’. आपल्याकडे श्लोकार्धाच्या शेवटी येणाऱ्या उभ्या रेघेला ‘दंड’ म्हणतात आणि दंड म्हणजेही काठीच. तेव्हा या वर्णाला मराठीत ‘दंडिका’ म्हणण्यास हरकत नसावी. पुढील विवेचनात सिरिलिक शब्द देवनागरीत उतरविताना दंडिकेच्या जागी दंडच वापरला आहे. मूळ वर्णाचा ठसा हाताशी नाही, म्हणून दिसायला तसेच असलेले दुसरे चिन्ह त्याच्या जागी बसवायचे, ही युक्ती वाचकांनी ध्यानात ठेवावी. या वर्णाचा निम्मा इतिहास त्याच युक्तीचा आहे.

प्रथम ध्वनीचा विचार करू. दंडिकेचे मुख्य काम ज्या व्यंजनांसाठी आहे त्यांना पाश्चात्त्य ध्वनिशास्त्रात ‘इजेक्टिव्ह’ म्हणतात. येथे त्यांना ‘कंठस्फोटी’ म्हटले आहे. क, त, प, त्स, च यांसारख्या व्यंजनाचा उच्चार करताना तोंडातील अडथळ्याबरोबरच कंठातील स्वरतंत्र्याही घट्ट मिटल्या जातात, कंठपेटी किंचित वर उचलली जाते आणि मध्ये कोंडलेल्या हवेच्या दाबानेच अडथळा फुटतो. फुप्फुसातून येणाऱ्या श्वासाचा त्या क्षणी काहीच भाग नसतो. कानाला एक कोरडा, टणत्कारासारखा आवाज येतो. आपल्या शिक्षाग्रंथांनी बाह्यप्रयत्नांची जी सूक्ष्म वर्गवारी केली तीत विवार, संवार, श्वास, नाद, अल्पप्राण, महाप्राण हे सर्व आहे. पण या ध्वनीसाठी जागा नाही, कारण संस्कृतात आणि तिच्यातून निघालेल्या मराठीत तो अर्थभेदक म्हणून नाही. कॉकेशसमध्ये मात्र तो अगदी घरगुती आहे. चेचेन भाषेत ‘ताय’ म्हणजे दोरा आणि ‘त।आय’ म्हणजे पूल. ‘त्सा’ हा नकारदर्शक शब्द, तर ‘त्स।आ’ म्हणजे घर. दंडिका गळली की घराचा नकार होतो.

येथे एक गमतीची नोंद करावीशी वाटते. जगातील सर्व लिप्यांतील चिन्हांना संगणकासाठी क्रमांक देणाऱ्या युनिकोडच्या तक्त्यात या वर्णाखाली एक लहानशी टीप छापलेली आहे. तीत हा वर्ण अनेक कॉकेशियन भाषांतील प्राणत्वाचे चिन्ह असल्याचे म्हटले आहे. ज्याने अल्पप्राण आणि महाप्राण हे शब्द शाळेत ऐकले आहेत, त्याला यातील विपरीतपणा तत्काळ कळेल. महाप्राणात श्वासाचा जोर अधिक असतो, कंठस्फोटी व्यंजनात श्वास मुळी अडविलेला असतो. म्हणजे टीपकाराने वस्तूला तिच्या नेमक्या विरुद्ध गुणाचे नाव दिले. ज्या भाषांचे बोलणारे दूर डोंगरात आहेत त्यांच्या वर्णाविषयी प्रमाण म्हणून मिरविणाऱ्या ग्रंथातही असे लिहिले जाते, हे त्या वर्णाच्या एकंदर स्थितीचे द्योतक म्हणता येईल.

हा वर्ण आला कोठून? या भाषांपैकी ज्यांत पूर्वी लेखन होते त्यांतील बहुतेकांचे लेखन अरबी लिपीत होई. १८६० च्या दशकात प्योत्र उस्लार (१८१६–१८७५) या रशियन सेनाधिकाऱ्याने अबखाझ, चेचेन, अवार, लाक इत्यादी भाषांची व्याकरणे रचली आणि त्यांसाठी सिरिलिकवर आधारलेल्या वर्णमाला सिद्ध केल्या. त्याचे धोरण साधे होते: वेगळा ध्वनी, वेगळा वर्ण. ज्या ध्वनींना रशियनमध्ये अक्षर नव्हते त्यांच्यासाठी त्याने नवे आकार योजले आणि ते योजताना काही ठिकाणी शेजारच्या जॉर्जियन लिपीचा आधार घेतला. अभ्यासाच्या दृष्टीने उस्लारच्या वर्णमाला आजही वाचनीय आहेत. लोकांत मात्र त्या रुजल्या नाहीत. क्रांतीनंतर १९२० च्या दशकात लॅटिन लिपीचे युग आले. चेचेनसाठी १९२५ मध्ये आणि अवार, लेझ्गी या भाषांसाठी १९२८ मध्ये लॅटिन वर्णमाला आल्या. पुढे धोरण पालटले. १९३६ मध्ये कबार्डियनने सिरिलिक स्वीकारली आणि १९३८ मध्ये उरलेल्या बहुतेक भाषांना तिकडे वळविण्यात आले. एकाच माणसाने बालपणी अरबी, तरुणपणी लॅटिन आणि त्यानंतर दहा-बारा वर्षांतच सिरिलिक शिकावी, अशी ही घाई होती.

या तिसऱ्या बदलात एक अट प्रधान होती. वर्णमाला शक्यतोवर रशियन छापखान्यातील खिळ्यांवर भागली पाहिजे. उस्लारप्रमाणे नवे आकार कोरण्यास वाव राहिला नाही. रशियनमध्ये दोन वर्ण असे आहेत की त्यांना स्वतःचा ध्वनी नाही, ते शेजारच्या वर्णाचा गुण सांगतात: कठोरचिन्ह आणि मृदुचिन्ह. कॉकेशसच्या वर्णरचनाकारांनी ही दोन्ही तत्काळ कामाला लावली. अवारमध्ये एका ‘क’पासून क, कठोरचिन्हयुक्त क, मृदुचिन्हयुक्त क असे वर्ण झाले. तरीही ध्वनी उरलेच. तिसऱ्या चिन्हाची गरज पडली आणि तेथे दंडिका आली. रोमन पद्धतीने शतके वा राजांचे क्रमांक लिहिण्यासाठी लागणारा उभ्या रेघेचा खिळा प्रत्येक रशियन छापखान्यात होताच. शिवाय १९१८ च्या लेखनसुधारणेपर्यंत रशियनमध्येही एक टिंबधारी ‘इ’ होता. जुन्या अंकगणनेत त्याचे मूल्य १० असल्याने त्याला ‘दशमान इ’ म्हणत. त्याचे मोठे रूपही अशीच उभी रेघ. म्हणजे दंडिकेचा आकार कोणी घडविला नाही. तो खिळ्यांच्या पेटीत सापडला.

टीकाकारांचा पहिला आक्षेप याच ठिकाणी असतो: हा वर्ण म्हणजे दारिद्र्याचे लक्षण होय, जॉर्जियनने प्रत्येक कंठस्फोटी व्यंजनाला स्वतंत्र अक्षर दिले, येथे मात्र एका काठीवर सर्वांना टेकविले. आक्षेप ऐकायला बरा वाटतो. आपणा देवनागरी लिहिणाऱ्यांना तर तो विशेषच पटेल, कारण आपण ख, घ, छ यांना स्वतंत्र अक्षरे देतो आणि ‘खेडेकर’ हे आडनाव इंग्रजीत लिहिताना क नंतर एच् का घालावा लागतो याचे लहानपणी नवल करतो. परंतु आपणही म्ह, न्ह, ल्ह लिहिताना स्वतंत्र अक्षर न देता ‘ह’ जोडूनच भागवितो, आणि त्यामुळे मराठी वाचनाचे काही अडलेले नाही. गुणदर्शक चिन्ह जोडून वर्ण साधणे हा दोष नव्हे. तो दोष केव्हा होतो, हे सांगणारे तत्त्व निराळे आहे.

ते तत्त्व निकोलाय याकोव्हलेव (१८९२–१९७४) या भाषाशास्त्रज्ञाने मांडले. कबार्डियनच्या ध्वनींवर त्याने १९२३ मध्ये तक्ते प्रसिद्ध केले आणि १९२८ मध्ये वर्णमालारचनेचे एक गणिती सूत्र मांडले. सूत्राचा आशय थोडक्यात असा: भाषेतील वर्णांच्या दोन रांगा एकाच गुणाने परस्परांपासून वेगळ्या होत असतील, तर दुसऱ्या रांगेतील प्रत्येक वर्णाला नवे अक्षर देण्याऐवजी तो गुण दाखविणारे एखादे चिन्ह किंवा थोडीशी चिन्हे योजावीत; त्याने अक्षरसंख्या बरीच घटते. रशियनमध्ये मृदू व्यंजनांच्या बाबतीत हेच झाले आहे. या सूत्रात एक गर्भित अट आहे आणि तिचे महत्त्व काटकसरीहून अधिक आहे. चिन्ह एक असेल तर गुणही एकच हवा. ज्या क्षणी तेच चिन्ह दोन निराळे गुण दाखवू लागते, त्या क्षणी वाचकाला चिन्ह वाचता येत नाही, जोडी पाठ करावी लागते.

या कसोटीवर दंडिका सर्व भाषांत सारखी उतरत नाही, आणि तिच्याविषयी सरसकट बोलणारे नेमके हेच विसरतात.

लेझ्गी भाषेत दंडिका पाच व्यंजनांना जोडली जाते: क, प, त, त्स, च. पाचही ठिकाणी अर्थ एकच, कंठस्फोट. भाषेचे स्वतःचे नाव ‘लेझ्गी च।अल’ असे आहे, ‘च।अल’ म्हणजे बोली, जीभेने बोललेली भाषा. येथे सूत्राची अट जवळजवळ पूर्ण पाळली आहे. अपवाद एकच, की जिव्हामूळाच्याही मागे उच्चारल्या जाणाऱ्या सहाव्या कंठस्फोटी व्यंजनाला दंडिका न देता मृदुचिन्ह दिले आहे. हा अपवाद टाळता आला असता.

कबार्डियनमधील योजना याहून सरस आहे. किंबहुना या सर्व भाषांत तीच सर्वोत्तम होय. तेथे दंडिका एकटीही येते. एकटी आली म्हणजे तिचा उच्चार काकल्य स्पर्श, म्हणजे स्वरतंत्र्या क्षणभर मिटून उघडणे. ‘।ए’ म्हणजे हात. आता ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने पाहा: स्वरतंत्र्यांचे मिटणे हेच कंठस्फोटी व्यंजनातील विशेष अंग. तेव्हा ‘त’ अधिक ‘कंठ मिटणे’ म्हणजे ‘त।’, हे समीकरण चिन्हांतही जसेच्या तसे उतरते. कबार्डियनमध्ये फ, ल आणि श यांसारख्या घर्षक ध्वनींचीही कंठस्फोटी रूपे आहेत. जगातील फारच थोड्या भाषांत अशी रूपे आढळतात. त्यांनाही तीच दंडिका लागते: ‘फ।ई’सारखा शब्द म्हणजे चांगला, आणि घर्षक ल ला दंडिका जोडून पुरुषवाचक शब्द होतो. मूल एकदा ‘।’ चा उच्चार शिकले की पुढील अर्धा डझन वर्ण त्याला तर्काने कळतात. ज्या भाषेवरून याकोव्हलेवने आपले विचार घडविले, तिच्याच लेखनात पुढे त्याचे तत्त्व इतके स्वच्छ दिसावे, हा योगायोग नसावा.

चेचेनकडे वळले की चित्र पालटते. क, प, त, त्स, च यांच्याबरोबर दंडिका कंठस्फोट दाखविते, येथवर ठीक. पण एकटी दंडिका येथे काकल्य स्पर्श नसून अरबीतील ‘ऐन’सारखा, घशाच्या पोकळीत संकोच करून काढलेला ध्वनी आहे. ‘।आ’ म्हणजे हिवाळा, ‘।इल्मा’ म्हणजे विद्या. पुढे ‘ग’ला दंडिका लागली की घर्षक ग, मराठी कानाला फारसीतील ‘गैन’सारखा वाटणारा, आणि ‘ख’ला दंडिका लागली की साधा ‘ह’! म्हणजे चार कामे: कंठस्फोट, ऐन, गैन आणि ह. यांपैकी शेवटच्या दोन ठिकाणी तर तिचा कोणताच गुण सांगता येत नाही. ती तेथे केवळ ‘हा नेहमीचा ग नव्हे’, ‘हा नेहमीचा ख नव्हे’ एवढीच सूचना देते. अशा चिन्हाला गुणचिन्ह म्हणण्यापेक्षा शंकाचिन्ह म्हणणे योग्य होईल.

अवारमध्ये एकटी दंडिका नाही, पण ‘ग’ला लागली की ‘ऐन’ आणि ‘ख’ला लागली की अरबीतील ‘बडी हे’. म्हणजे येथे दोन गुण आहेत, कंठस्फोट आणि घशाचा संकोच. दोन्ही परस्परांत मिसळत नाहीत, कारण ग आणि ख यांची कंठस्फोटी रूपे या भाषेत तशी लिहायची नाहीतच. चेचेनपेक्षा ही योजना पुष्कळ सुसंगत म्हणावी लागेल. अवार लोक आपल्या भाषेला ‘मग।अरुल मत्स।’, म्हणजे डोंगरवासीयांची भाषा, असे म्हणतात. दोन शब्दांच्या या नावात दोनदा दंडिका आहे आणि दोन्ही वेळा तिचा अर्थ वेगळा आहे. अरबीतून आलेला, आपल्याला ‘अक्कल’ म्हणून परिचित असलेला शब्द अवारमध्ये ‘ग।अक्लु’ असा लिहितात. आपण तो शब्द फारसीच्या मार्गाने घेतला आणि वाटेत त्याचा आरंभीचा ‘ऐन’ हरवला. अवारने तो उच्चारातही राखला आणि लेखनातही. अरबी लिपीत त्या ध्वनीला स्वतःचे ऐटबाज अक्षर होते. सिरिलिकमध्ये त्याच्या वाट्याला ग आणि एक काठी आली.

खरी अडचण एका भाषेच्या आत नाही, दोन भाषांच्या मध्ये आहे. दागेस्तानमधील खासाव्ह्यूर्तसारख्या गावात अवार आणि चेचेन कुटुंबे शेजारी राहतात. ‘ख’ अधिक दंडिका ही जोडी एका घरी ‘ह’ वाचतात, दुसऱ्या घरी ‘बडी हे’. ‘ग’ अधिक दंडिका एका घरी ‘गैन’, दुसऱ्या घरी ‘ऐन’. साधा ‘ह’ चेचेनमध्ये दंडिकेने लिहायचा, तर अवार आणि लेझ्गीत ‘ग’ला मृदुचिन्ह जोडून. एकाच काळी, एकाच धोरणाखाली रचलेल्या लेखनपद्धतींत अशी विसंगती राहिली, कारण प्रत्येक भाषेची योजना स्वतंत्रपणे आणि घाईने झाली. शेजारणीकडे पाहण्याची कोणाला सवड नव्हती. चेचेन आणि इंगुश यांच्या बाबतीत तर चूक सुधारण्याचीही सवड मिळाली नाही. वर्णमाला आल्यानंतर सहाच वर्षांनी, फेब्रुवारी १९४४ मध्ये, या दोन्ही समाजांना समूळ उचलून मध्य आशियात नेण्यात आले. १९५७ मध्ये परतीची परवानगी मिळेपर्यंत त्यांच्या मुलांची एक पिढी स्वभाषेच्या शाळेवाचून वाढली.

त्साखुर भाषेचा उल्लेख केल्यावाचून हे परीक्षण पुरे होणार नाही. दागेस्तानच्या दक्षिणेस आणि अझरबैजानमध्ये बोलल्या जाणाऱ्या या छोट्या भाषेला १९३० च्या दशकात काही वर्षे लॅटिन वर्णमाला होती. नंतर लेखन बंद पडले आणि सोव्हिएत काळाच्या अखेरीस दागेस्तानमध्ये ते सिरिलिकमध्ये पुन्हा सुरू झाले. येथे दंडिका व्यंजनांनाच नव्हे, स्वरांनाही लागते आणि तो स्वर घसा आवळून उच्चारावा असे सांगते. भाषेचे नाव ‘त्स।अ।ख्‌ना मिझ’. पहिल्या शब्दातील पहिली दंडिका कंठस्फोटाची, दुसरी स्वराच्या घशातील संकोचाची. कागदावर हे भयंकर दिसते. पण विचार केला तर येथे गोंधळ नाही. व्यंजनानंतर एक अर्थ, स्वरानंतर दुसरा, हा नियम निरपवाद आहे. चिन्हाला दोन अर्थ असणे एक वेळ चालते, कोणता अर्थ केव्हा हे स्थानावरून कळले पाहिजे. चेचेनमधील ‘ग’ आणि ‘ख’ यांच्या बाबतीत ते स्थानावरून कळत नाही.

काही भाषांनी दंडिका टाळली. तेथे काय झाले तेही पाहावे. ओसेटियनने कंठस्फोटी व्यंजनांसाठी कठोरचिन्ह वापरले. ते प्रत्येक रशियन यंत्रावर आहे, म्हणून लेखन सुलभ झाले. पण ओसेटियनला ते परवडले, कारण तिच्याकडे कठोरचिन्हाला दुसरे मोठे काम नव्हते. अवारमध्ये ते चिन्ह आधीच अडकलेले आहे. अबखाझने उलट वाट धरली: क, त, प यांच्या बाबतीत साधे अक्षर कंठस्फोटी ध्वनीला आणि बदललेले अक्षर महाप्राणाला, पण त्स आणि च यांच्या बाबतीत साधे अक्षर महाप्राणाला, बदललेले कंठस्फोटीला. दंडिका नसूनही विसंगती टळली नाही. तेव्हा दोष काठीचा नसून ती वाटून देणाऱ्याचा आहे, हे मान्य करण्यास प्रत्यवाय नसावा.

आता दुसऱ्या, अधिक गंभीर आक्षेपाकडे येऊ. लोक दंडिका लिहीतच नाहीत. तिच्या जागी भलतेच चिन्ह लिहितात, असे म्हटले जाते. हे खरे आहे. रशियन टंकलेखन यंत्रावर तिची कळ नव्हती. रशियन संगणकांवर दीर्घकाळ प्रचलित असलेल्या विंडोज १२५१ या संकेतावलीतही तिला जागा मिळाली नाही, जरी युक्रेनियनचा टिंबधारी ‘इ’ तेथे होता. परिणामी लिहिणाऱ्याने हाताला येईल ते घेतले: १ हा अंक, लॅटिनमधील मोठा आय, लॅटिनमधील लहान एल्, युक्रेनियनचा मोठा इ, किंवा नुसती उभी रेघ. पाच तोतये झाले. डोळ्याला त्यांतील फरक बहुधा जाणवत नाही, म्हणून वाचणाऱ्याची तक्रार नसते. पण यंत्राला प्रत्येक वेगळा दिसतो. ‘घर’ हा चेचेन शब्द पाच जणांनी पाच तऱ्हांनी लिहिला की शोधणाऱ्याला त्यांपैकी एकच सापडतो. शब्दाच्या मध्ये अंक आला की शुद्धलेखन तपासणारे यंत्र तो शब्दच मानीत नाही. चेचेन वर्णमालेत एकट्या दंडिकेचे स्थान अगदी शेवटी आहे. ती अंकाने लिहिली की ‘विद्या’ हा शब्द यादीच्या तळातून उठून सर्वांच्या अग्रभागी जाऊन बसतो, कारण यंत्राच्या हिशेबी अंक अक्षरांच्या आधी येतात.

मराठी वाचकाने यावर हसू नये. ‘दुःख’ या शब्दात विसर्गाऐवजी अपूर्णविरामाची दोन टिंबे लिहिणारे आपल्यात थोडे नाहीत. डोळ्याला ते खपते आणि कोशातल्या शोधाला खपत नाही. फरक इतकाच की विसर्ग मराठीत क्वचित येतो. अवारमध्ये दंडिका भाषेच्या नावातच दोनदा आहे.

युनिकोडमध्ये दंडिकेला स्थान मिळाले, परंतु आरंभी केवळ मोठे अक्षर म्हणून. सिरिलिकमध्ये प्रत्येक वर्णाची मोठी आणि लहान अशी दोन रूपे असतात; दंडिकेला परंपरेने एकच रूप होते, शब्दाच्या आरंभी आणि मध्ये ती सारख्याच उंचीची असे. ज्यांच्या लिपीत मोठे-लहान हा भेदच नाही अशा आपणाला यात काही खटकणार नाही, पण यंत्राला खटकले. २००६ साली तिला लहान रूपाचा स्वतंत्र क्रमांक देण्यात आला. हा उपाय तर्कशुद्ध होता. परंतु बहुतेक ठशांत ही दोन रूपे एकसारखीच दिसतात, आणि त्याआधीच्या वर्षांत जे शुद्ध लिहिले गेले ते सर्व मोठ्या रूपानेच लिहिलेले आहे. परिणामी पाच तोतयांत सहावे, अधिकृत जुळे भावंड येऊन बसले. मान्यता देतानासुद्धा दंडिकेच्या मूळ स्वभावाची चौकशी कोणी केली नाही. इतर वर्णांना जे लागू तेच तिलाही लावले.

उपाय म्हणून तीन सूचना वेळोवेळी पुढे आल्या आहेत. पहिली लॅटिनकडे परतण्याची. चेचेनसाठी १९९२ मध्ये तसा प्रयत्न झाला, तो टिकला नाही. आणि चार पिढ्यांत चौथ्यांदा लिपी बदलून आजोबांची पुस्तके नातवाला अगम्य करणे हा उपाय रोगापेक्षा जड आहे. दुसरी, दंडिका काढून ओसेटियनप्रमाणे कठोरचिन्ह वापरण्याची. ते का शक्य नाही हे वर आलेच आहे. तिसरी सूचना बिनबोभाट अमलात येत आहे: अंकालाच अक्षर मानावे. व्यवहारी माणसाला हीच पटते. प्रस्तुत लेखकाला ती सर्वांत घातक वाटते. ऑगस्ट २०१८ मध्ये रशियात झालेल्या कायद्यातील बदलानुसार शाळांत रशियनेतर मातृभाषेचे शिक्षण पालकांच्या इच्छेवर सोडले गेले. शाळेतले तास घटले की मूल स्वभाषेचे लेखन मुख्यत्वे मोबाइलवर, रशियन कळफलकावर शिकते. त्याला आपल्या भाषेच्या नावातील अक्षर प्रथम दिसते ते गणितातील एक या आकड्याच्या रूपाने. ज्या चिन्हाला लिहिणारा स्वतःच अक्षर मानीत नाही त्याच्यासाठी तो कळ मागणार नाही, कोशकाराशी वाद घालणार नाही, आणि चेचेनमधील ‘ग’ व ‘ख’ यांची दुरुस्तीही कधी चर्चेस येणार नाही.

आज चेचेन वा अवार कळफलक मिळू शकतो. तो बसवून घेण्याचे कष्ट मात्र लिहिणाऱ्यावर पडतात. जुने लेखन शुद्ध करून घेण्याचे काम त्याहून किचकट आहे. दोन अक्षरांच्या मध्ये आलेला १ दंडिकेत पालटून घेणे सोपे. शब्दारंभीच्या १ चे काय करावे? चेचेनमध्ये ‘हिवाळा’ हा शब्द अंकाने लिहिला की तो ‘१अ’ असा दिसतो, आणि रशियातील शाळांत पहिलीच्या ‘अ’ तुकडीचे नावही नेमके तसेच लिहितात. कोणता हिवाळा आणि कोणती तुकडी, हे प्रत्येक ठिकाणी भाषा जाणणाऱ्या माणसानेच वाचून ठरवावे लागेल.